आधी कंगवा, मग पाणी

सोमवार, ४ मार्च

कॉलेजची प्रयोगवही अर्धी कोरी उरली होती. रद्दीत टाकायला काढली. मग म्हटलं, वहीनं काय घोडं मारलंय? म्हणून तिच्यातच लिहायला बसलो.

कॉलेज सोडून आज पाच आठवडे झाले. वर्गातल्या त्या उंटानं सगळ्यांसमोर तिच्या (नाव इथं लिहीत नाही) चालण्याची नक्कल केली, मी जिन्यावरच त्याच्या कानाखाली दोन ठेवून दिल्या. प्राचार्य म्हणाले, माफीचं पत्र लिही, विषय संपला. पत्र लिहिलं. त्यांच्या हातात द्यायच्या ऐवजी त्यांच्यासमोर टराटरा फाडलं आणि बाहेर आलो. ती फाटकाशी उभी होती. म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं हे करायला?" आणि तडक निघून गेली. घाबरली असणार. चारचौघांत माझ्याशी बोलताना दिसू नये म्हणून गेली असणार. त्यानंतर तिचा फोन नाही. मीही केला नाही. म्हणजे अकरा वेळा केला, तिनं उचलला नाही.

बाबा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. जेवायला समोरासमोर बसतो, मध्ये आत्या.

"ताई, त्याला विचार, मीठ हवंय का."

"तुझे बाबा विचारतायत, मीठ हवंय का."

"त्यांना सांग, नको."

आत्या म्हणाली, "मी काय टपालखातं उघडलंय का रे?" आई गेल्यापासून हे घर आत्याच चालवते. टपालही तिनंच चालवायचं.

आधी असं काही झालं की माझं डोकं भणभणायचं, ताट भिरकावावंसं वाटायचं. आज काही वाटलं नाही. मीठ खरंच कमी होतं.

बुधवार, ६ मार्च

आज ठरवून टाकलं. कुत्र्यांना आंघोळ घालायची, त्यांचे केस कापायचे, नखं काढायची. धंदा म्हणून. या भागात कुणी करत नाही, हे एक कारण. तिच्या घरी कुत्रा आहे, हे दुसरं. आत्याला पहिलंच सांगितलं.

बाबांचं केस कापायचं दुकान घराच्या खालीच आहे. मागं कोठीची खोली आहे, तिला गल्लीकडून वेगळं दार आहे, आत नळ आहे. ती मागितली. अर्थातच आत्याकरवी.

बाबा पेपरातून मान न काढता म्हणाले, "ताई, त्याला सांग, बाप माणसांची डोकी करतो, लेक कुत्र्यांची शेपटं करणार. घराण्याचं नाव काढलंस म्हणावं."

आत्या मला म्हणाली, "ऐकलंस ना? का परत सांगू?"

मी उठलो तेव्हा टेबलावर कोठीची किल्ली पडली होती. कुणी ठेवली माहीत नाही. आत्याच असेल.

शनिवार, ९ मार्च

सामान आणायला गेलो. प्राण्यांच्या सामानाचं दुकान मोठ्या रस्त्याला आहे. दुकानदार जाड भिंगांचा, बोलघेवडा. त्याला मनातल्या मनात चष्मेवाले म्हणायला लागलो.

"तुझ्याकडे आत्ता काय काय आहे?"

"मशीन आहे. कात्र्या आहेत. वस्तरा आहे."

"ते माणसांचं. माणूस हलला तर त्याला 'हलू नका हो' म्हणता येतं. कुत्र्याला काय म्हणशील? त्याची कातडी कागदासारखी असते, पातं तापलं की भाजते. आवाज न करणारं मशीन घे. दोन पाती जास्तीची घे, एक तापलं की दुसरं लावायचं."

मग एकेक काढत गेला. रबराच्या पायपुसण्याचं टेबल, म्हणजे पाय घसरत नाहीत. टेबलाला उभा दांडा, त्याला गळ्यात अडकवायचा पट्टा. तारांच्या बारीक दातांचा ब्रश. एका बाजूला विरळ, दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला स्टीलचा कंगवा. गाठी सोडवायची आकडी. नखांची कात्री, आणि नख खोल कापलं गेलं तर रक्त थांबवायची पावडर. कानाचं औषध. चावऱ्यांसाठी तोंडाला बांधायची जाळी. गार-गरम हवेचा झोत मारणारं यंत्र. शॅम्पू दोन, एक नेहमीचा, एक नाजूक कातडीचा.

"आणि टॉवेल. तुला वाटतील त्याच्या तिप्पट."

मी मान हलवत होतो. मग तो म्हणाला, "एक लक्षात ठेव. आधी कोरड्या अंगावर कंगवा. गाठ राहिली नाही अशी खात्री झाली की मग पाणी."

इथं मात्र माझं सटकलं. बऱ्याच दिवसांनी. म्हटलं, "आमच्या तीन पिढ्या केस कापतायत. कापायच्या आधी केस ओले करतात. हे तरी मला शिकवू नका."

तो चष्मा पुसत म्हणाला, "बरं बाबा. तुझं ज्ञान तुला लखलाभ."

येताना लाल फितींच्या फुलांचं एक पाकीट उचललं. कुत्र्याच्या कानाशी लावायची. त्यानं सुचवली नव्हती. तिला लाल आवडतो.

गुरुवार, १४ मार्च

भिंतीला चुना दिला. नळाला लांब रबरी नळी लावली. टेबल खिडकीशी मांडलं. दारावर पाटी लावली, चौकात आणि जनावरांच्या दवाखान्याच्या भिंतीवर कागद चिकटवले.

आत्या बघायला आली. दारातूनच. तिला कुत्र्यांची भीती वाटते आणि अजून एकही कुत्रा आलेला नाही. म्हणाली, "सगळं झकास आहे. नवरदेवाचा तेवढा पत्ता नाही."

मंगळवार, १९ मार्च

कागदांचा उपयोग झाला. तीन दिवसांत पाच कुत्रे. सगळे आखूड केसांचे, काम सोपं. आंघोळ, कान, नखं. एक बुटकं तपकिरी मला चावलं. त्याचे मालक "चावत नाही हो, खेळतोय" म्हणत राहिले आणि माझ्या अंगठ्यातून रक्त येत राहिलं. शिव्या ओठांवर आल्या होत्या. तिथंच राहिल्या. जाळी बांधली, नखं कापली.

एक गंमत. पाचही जणांचे केस ताजे कापलेले होते. एकाच्या मानेवर तर अजून पावडर होती. कुत्र्याला नटवायचं तर आधी आपण नटून यावं असं लोकांना वाटत असेल. प्रत्येकाला विचारलं, कुठला कागद वाचलात, चौकातला की दवाखान्याजवळचा? एकालाही आठवेना. "असंच कळलं," म्हणाले. चौकातला असणार, तिथं जास्त दिसतो.

शुक्रवार, २२ मार्च

तिचा फोन आला.

मी नळी धरून उभा होतो. पाणी चालूच राहिलं, पायांत चप्पल भिजली.

"तू कुत्र्यांचं करतोस ना आता? ढगाला आणलं तर चालेल?"

ढग म्हणजे तिचा कुत्रा. पांढरा, लांब केसांचा, बसला की पाय दिसत नाहीत. म्हणाली, परीक्षा, कागदपत्रं, पळापळ, सात महिने त्याला धड विंचरलेलं नाही. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, सरळ भादरून टाका.

"पण मला नाही तसं करायचं. तो ढगासारखाच दिसला पाहिजे. केस कमी करू नकोस हां. मी रविवारी जातेय. जायच्या आधी त्याला नीट बघायचंय मला."

म्हटलं, "आण. उद्या सकाळी आण."

"थँक यू रे," म्हणाली. रे म्हणाली.

रविवारी कुठं जातेय ते विचारलं नाही. परीक्षा संपल्यावर सगळेच कुठंतरी फिरायला जातात.

एवढंच हवंय मला. ढग तिला हवा तसा झाला पाहिजे. तसा झाला की ती बोलायला लागेल. मग मी तिला जिन्यावरचं सगळं नीट समजावून सांगीन. टॉवेल धुऊन वाळत घातले. लाल फुलं काढून ठेवली.

शनिवार, २३ मार्च

नऊ वाजता तिची आई त्याला सोडून गेली. ती स्वतः संध्याकाळी न्यायला येणार.

वरून तो ठीकच दिसत होता. जरा मळका, बस्स. मी त्याला टबात उभा केला आणि नळी सोडली. डोक्यापासून शेपटीपर्यंत भिजवला. बाबांना हजार वेळा बघितलंय : आधी पाणी, मग कंगवा, मग कात्री. नाजूक कातडीचा शॅम्पू दोनदा लावला. यंत्रानं वाळवायला घेतला.

केस उडेनात. गाठी होत्या, आत, कातडीलगत. भिजल्यावर त्या आवळल्या. वाळल्या तसतशा आणखी आवळल्या. बोटं घातली तर घोंगडीत घातल्यासारखी अडकली. काखेत, कानांमागं, पोटाखाली, सगळीकडं तेच. अख्ख्या कुत्र्यावर एक टणक साल चढली होती.

मी आकडी घेतली. तो पाय काढून घ्यायला लागला. मी पट्टा आखडला. एक गाठ सुटायला वीस मिनिटं गेली. अशा किती, मोजल्या नाहीत. तो आधी कुणकुणत होता. मग रडायला लागला. कुत्रं रडतं तेव्हा लहान मुलासारखं रडत नाही. एकच स्वर काढतं आणि तो थांबत नाही. अकरा वाजले, साडेअकरा झाले. मी म्हणत होतो, थांब ना रे, थोडं थांब, तिला तू तसाच हवा आहेस. काखेत आकडी जरा तिरकी लागली आणि कातडी फाटली. नखाएवढीच. पावडर दाबली. तो माझा हात चाटायला लागला. मी कंगवा भिंतीवर मारला. चुन्याचा पोपडा पडला.

चष्मेवाल्याला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "पाणी घातलंस. आता ते सुटत नाही. आता फक्त मशीन. कातडीलगत. आणि जे दहा जणांना सुटत नाही ते एकट्यानं सोडवायच्या नादात जनावर मारू नकोस."

फोन ठेवला तर दुकानाकडचं दार उघडं. बाबा उभे होते, खिशात कात्री, खांद्यावर टॉवेल. पुढं खुर्चीत कुणीतरी अर्धी दाढी करून बसला असणार, कारण तिकडून "अहो, मी असाच बसू का?" असा आवाज येत होता.

"पाणी कुणी मारलं?" बाबांनी विचारलं. मला. थेट. आत्या वर होती.

"मी."

"कोरड्यावर करतात?"

"हो. मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

बाबांनी ढगाच्या पाठीवर हात फिरवला, मग काखेत. तिथं ते थांबले. म्हणाले, "मी असतो तर मीही पाणीच मारलं असतं." आणि मग, "काय करायचंय आता?"

"तिला केस हवेत."

"ती संध्याकाळी येणार. याला आत्ता दुखतंय."

एवढंच म्हणाले आणि टेबलाच्या पलीकडं जाऊन दोन्ही हातांत ढगाचं डोकं धरलं. गिऱ्हाइकाचं धरतात तसं, हनुवटीखाली एक हात, कानामागं दुसरा. ढगानं डोळे मिटले.

मी मशीन लावलं.

"कातडी ताणून धर. पातं आडवं ठेव. घाई कशाला? आता कसली गाडी चुकणार आहे?"

साल एकसंध निघत गेली, मेंढीची निघते तशी. पाती तीनदा बदलली. पोटाखाली आणि काखेत कातडी लालभडक, ओली, वास मारणारी. ती आजची नव्हती. ते सगळं आधीपासूनच गाठींखाली होतं. बाबा मान हलवत राहिले. शेवटी टेबलावर एक बारकं, गुलाबी, मोठ्या कानांचं जनावर उभं होतं. त्यानं एकदा अंग झटकलं. झटकायला काहीच नव्हतं, म्हणून स्वतःच पडायला आलं. मग खाली उतरलं आणि खोलीत धावायला लागलं. गोल. भिंतीपासून भिंतीपर्यंत. सात महिन्यांत बहुधा पहिल्यांदाच त्याचा पाय पूर्ण पुढं पडत होता.

लाल फूल लावायला कानाशी केसच नव्हते.

रविवार, २४ मार्च

काल पुढचं लिहवलं नाही. लिहितो.

ती पाचला आली. चार वाक्यं पाठ करून ठेवली होती मी. सात महिने कुणी विंचरलं नाही. डॉक्टरही तेच म्हणाले होते. गाठी तुझ्या घरून आल्या. मी काय जादूगार आहे? चारही खरी होती.

ढग शेपटी हलवत तिच्याकडं गेला. ती गुडघ्यांवर बसली. "हा एवढासा आहे?" म्हणाली.

मी म्हटलं, "मी चूक केली. आधी कंगवा फिरवायचा होता. मी आधी पाणी घातलं. गाठी आवळल्या. तरी मी त्या ओढत बसलो, दीड तास. त्याला खूप दुखलं. मग भादरला."

"मला फोन का नाही केलास?"

"तू भादरायला नको म्हणाली असतीस."

"हो," म्हणाली.

तिनं त्याला उलटा केला, मांडीवर घेतला. काख बघितली.

"हे तू केलंस?"

"ही छोटी जखम माझी. बाकीचं गाठींखाली होतं. जुनं आहे."

पुढं दुकानात बाबांची कात्री चालू होती, ती ऐकू येत होती. मग ती म्हणाली, "म्हणजे मीच..." आणि वाक्य तिथंच ठेवलं.

मला वाटलं होतं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं की मी काहीतरी करीन. जवळ जाईन, काहीतरी बोलेन. मी म्हटलं, "ही पावडर दिवसातून दोनदा. कोरडं ठेवायचं. उन्हात नेऊ नका, कातडी भाजेल."

"आईला सांगते. मी उद्या जाते. दोन वर्षांसाठी, शिकायला. तुला कळलं असेल."

"नाही."

"मी सगळ्यांना सांगितलं होतं."

"बरं."

ती उठली. दाराशी थांबून म्हणाली, "राग नाही हां माझा." ढग तिच्यापुढं उड्या मारत गेला.

मी टेबल पुसलं. जमिनीवरचे केस गोळा केले, एक गोणी भरली. आत्यानं जेवायला हाक मारली, जेवलो.

शुक्रवार, २९ मार्च

काही नाही. दोन कुत्रे.

बुधवार, ३ एप्रिल

बाबा जेवताना म्हणाले, "पात्याला तेल सोडतोस का?" म्हटलं, "सोडतो." म्हणाले, "काम झाल्यावर सोड. आधी नको." म्हटलं, "बरं."

आत्या इकडं बघते, तिकडं बघते. म्हणाली, "हे काय, मला बडतर्फ केलंत होय?"

दोघंही हसलो नाही. मीठ बाबांनी स्वतःच सरकवलं.

बुटकं तपकिरी परत आलं होतं. परत चावलं. मालक म्हणाले, "खेळतोय हो." म्हटलं, "असेल." नंतर आत्यानं विचारलं, "काय रे, हल्ली चिडतसुद्धा नाहीस. ताप आहे का अंगात?" कपाळाला हात लावून बघितला. नव्हता.

मंगळवार, १६ एप्रिल

रोज तीन-चार. लांब केसांचा आला की मालकालाच समोर बसवतो आणि कोरडा विंचरतो. गाठ दिसली तर दाखवतो. लोक कंटाळतात. "अहो, किती वेळ?" म्हटलं, जेवढ्या गाठी तेवढा वेळ.

संध्याकाळी तिच्या घरावरून जाणारा रस्ता घेतो. लांबचा पडतो. खिडकी बंद असते. बंद आहे हे बघतो आणि पुढं जातो. काही वाटत नाही. तरी रोज जातो.

शनिवार, ११ मे

तिची आई ढगाला घेऊन आली. बोटभर केस आलेत, मऊ, सारखे. कातडी स्वच्छ. काखेतला डाग शोधावा लागला. त्या म्हणाल्या, आता रोज विंचरते, तोच येऊन पुढ्यात बसतो.

मी टेबलावर घेतला आणि कोरड्या अंगावर विरळ बाजूनं कंगवा चालवायला लागलो. मग दाट बाजूनं. वीस मिनिटं. एकदाही अडकला नाही. ढग उभ्याउभ्या पेंगायला लागला.

त्याची आंघोळ होऊन तो वाळत असताना त्या म्हणाल्या, "अरे, तुझ्याकडं एक काम होतं. तिकडं तिनं पिल्लू आणलंय. म्हणजे दोघांनी मिळून. तिचं ठरलंय ना, तुला माहीत असेलच. तिकडं तिच्याच वर्गातला आहे, शांत आहे अगदी. तर लांब केसांचं पिल्लू आहे म्हणे. ती म्हणाली, याच्याकडून यादी घे, सुरुवातीला काय काय सामान लागतं. दुकानदार नको ते गळ्यात मारतात."

"बसा," म्हटलं. "लिहून देतो."

या वहीतलं एक पान फाडलं. लिहिलं : तारेचा ब्रश, मऊ टोकांचा, पिल्लाला तोच. स्टीलचा कंगवा, दोन्ही बाजूंचे दात वेगळे बघून घेणे. गाठींची आकडी घेऊ नये, गरज पडू देऊ नये. नखांची कात्री, लहान. रक्त थांबवायची पावडर, लागत नाही पण घरात असावी. शॅम्पू एकच, नाजूक कातडीचा. कानाचं औषध, थेंब मोजून. रबरी पायपुसणं. टॉवेल सहा. आधी कंगवा, मग पाणी. काखा आणि कानांमागं रोज बघणे, वरून कळत नाही.

त्याखाली लिहिलं : डोकं धरायला एक माणूस.

ते वाचलं. मग ती ओळ खोडली. खोडलेली फार दिसायला लागली, म्हणून दुसरं पान फाडलं आणि पुन्हा पहिल्यापासून उतरवून काढलं. अक्षर नीट काढलं.

तिच्या आईनं कागद चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला.

"एवढ्यात भागतं ना रे सगळं?"

"भागतं," म्हटलं. "दोघं असली की एवढ्यात भागतं."